पडलेल्या दाताच्या जागी काय बसवावे?

एक दात गेला तर काय बिघडते, बाकीचे एकतीस आहेतच की, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. दुखणारी दाढ काढून टाकली की माणूस मोकळा होतो आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. दोन-चार वर्षांनी दुसरी दाढ हलते, मग तिसरी. पन्नाशीत आलेली बाई भात कालवून नुसता गिळते, हरभरा आणि भाजलेला भुट्टा तिने सोडलेला असतो, आणि वयामुळे असे होतेच म्हणून घरचेही गप्प बसतात. दात वयामुळे जात नाहीत. कीड, हिरड्यांचा आजार, मार आणि तंबाखू यांच्यामुळे ते जातात. गेलेल्या दाताची जागा भरण्याचे तीन-चार चांगले मार्ग आज उपलब्ध आहेत. कोणता कोणासाठी, त्याला काय लागते आणि सानगडीसारख्या गावातून तो कसा मिळवायचा, हे या पानावर आम्ही क्रमाने मांडत आहोत.

दात गेल्यावर तोंडात काय होते

मोठ्या माणसाच्या तोंडात ३२ दात असतात. पटाशीचे ८, सुळे ४, उपदाढा ८ आणि अक्कलदाढा धरून दाढा १२. पटाशीचे दात कापतात, सुळे फाडतात आणि दाढा दळतात. त्यातली पहिली मोठी दाढ सर्वांत कष्टाची आणि सर्वांत दुर्दैवी. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, ती सरळ मागच्या बाजूला उगवते. म्हणून आईवडिलांना वाटते की ही दुधाचीच आहे, किडली तरी पडून नवी येईल. ती नवी कधीच येत नाही. ऐन जवानीत काढाव्या लागणाऱ्या दाढांत हीच पुष्कळदा असते.

दात निघाल्यावर तीन गोष्टी घडतात. पहिली, बाजूचे दात हळूहळू रिकाम्या जागेकडे कलतात. त्यांच्यामध्ये फटी पडतात, फटीत अन्न अडकते, आणि तिथे नवी कीड लागते. दुसरी, समोरच्या जबड्यातील दाताला दाबायला कोणी उरत नाही, म्हणून तो लांबत जागेत उतरू लागतो. तिसरी, आणि डोळ्यांना न दिसणारी, म्हणजे हाड झिजते. जबड्याचे हाड दातासाठी असते. दात गेला की त्या जागेची रुंदी पहिल्या वर्षातच सुमारे निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. म्हणूनच निर्णय पाच वर्षे पुढे ढकलला तर काही पर्याय हातातून जातात आणि उरलेले महाग होतात.

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. मार लागून मुलाचा समोरचा दात मुळासकट बाहेर पडला, तर तो फेकू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने हलकेच धुवा, घासू नका. जमल्यास लगेच त्याच जागी बसवा, नाहीतर दुधाच्या वाटीत टाका आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचा. असा दात पुन्हा धरू शकतो. मात्र हे कायमच्या दाताबद्दल आहे, दुधाचा दात परत बसवायचा नसतो.

निवड करण्याआधी पाच गोष्टी

कोणता दात बसवायचा याआधी तोंड कसे आहे ते पाहावे लागते. पडक्या भिंतीवर नवे छप्पर घालून उपयोग नाही.

पहिली गोष्ट, हिरड्या. ब्रश करताना रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी दातांची सफाई आणि हिरड्यांचा इलाज. सफाईने दात सैल होतात हा गैरसमज आहे. साचलेली खर निघाल्यावर आधीच सैल असलेला दात लक्षात येतो, इतकेच.

दुसरी, साखर. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही आणि हिरड्या लवकर खराब होतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करून घ्या. इम्प्लांट करायचे असेल तर ती साधारण ७ ते ८ च्या आत असावी अशी डॉक्टरांची अपेक्षा असते.

तिसरी, सिकलसेल. पूर्व विदर्भात, आणि आपल्या समाजात विशेष करून, हा आजार आहे हे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच नोंदवले होते. ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांना दाताचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे किंवा थंडी यांमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. म्हणून सडका दात तसाच ठेवणेही धोक्याचे आणि न सांगता काढून घेणेही धोक्याचे. आपले कार्ड दंतवैद्याला दाखवा, आणि नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच दात काढा. इम्प्लांटचा निर्णय तर दोन्ही डॉक्टरांनी मिळूनच करावा. जे फक्त वाहक आहेत, त्यांना जागेपुरते इंजेक्शन देऊन होणारे दातांचे उपचार सहसा इतरांसारखेच करता येतात, तरी सांगणे चांगले.

चौथी, इतर औषधे. रक्त पातळ करण्याची गोळी, हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली इंजेक्शने, जबड्याला घेतलेला शेक, गरोदरपण, यांतले काहीही लपवू नका. आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पाचवी, खर्रा. याबद्दल स्पष्ट बोलणे आम्हाला भाग आहे. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण आपल्या भागात पानठेल्यावर घोटून मिळणारा खर्रा गेलेला नाही, आणि बायकांमध्ये गुडाखूची सवय आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. आपल्या हाताची तीन मधली बोटे उभी करून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात नसतील तर दात बसवण्याचा विचार नंतर, आधी तपासणी. ज्याचे तोंड दोन बोटेच उघडते त्याच्या दातांचे माप घेणेही कठीण, आणि घेतले तरी कवळी आत जात नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर एक दिवसही थांबू नका. तो दाताचा प्रश्न नाही, कॅन्सरची शंका दूर करण्याचा प्रश्न आहे.

पर्याय पहिला: जागा तशीच ठेवणे

हा सुद्धा एक पर्याय आहे, आणि प्रामाणिक डॉक्टर तो सांगतात. अक्कलदाढ काढली तर तिथे काही बसवायची गरज नसते. सर्वांत मागची दाढ गेली आणि बाकी दात घट्ट असतील, तरीही पुष्कळांचे नीट चालते. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर किमान २० कामाचे दात टिकावेत असे ध्येय मानले आहे. जपानमध्ये १९८९ पासून ऐंशीव्या वर्षी वीस दात ही मोहीम चालते. म्हणजे बत्तीसचे बत्तीस हवेतच असे नाही. समोरासमोर भिडणाऱ्या दातांच्या पुरेशा जोड्या हव्यात.

पण मधली दाढ गेली असेल, एका बाजूने चावणे बंद झाले असेल, किंवा समोरचा दात गेल्यामुळे मुलगी हात तोंडावर ठेवून बोलत असेल, तर जागा भरावी. आणि जागा तशी ठेवायची ठरवली तरी सहा महिन्यांनी बाजूचे दात कलले का, हे तपासून घ्यावे.

पर्याय दुसरा: काढता-घालता येणारा दात

यात प्लास्टिकसारख्या ॲक्रेलिकच्या गुलाबी पट्टीवर कृत्रिम दात बसवलेला असतो आणि बाजूच्या दातांना धरून राहण्यासाठी तारेचे आकडे असतात. सगळे दात गेलेल्यांसाठी याच पद्धतीची पूर्ण कवळी होते. दातांचे माप, मग मेणावरचा नमुना तोंडात लावून पाहणे, मग तयार दात देणे, अशा तीन-चार फेऱ्या लागतात.

याचे गुण सरळ आहेत. सर्वांत स्वस्त. बाजूचे दात घासावे लागत नाहीत. ऑपरेशन नाही. पुढे आणखी एखादा दात गेला तर त्याच पट्टीवर वाढवता येतो. हाती पैसे आले की नंतर दुसरा पर्याय निवडता येतो. दात काढल्यावर जखम भरेपर्यंत तात्पुरता म्हणूनही हा चांगला.

दोषही आहेत. तोंडात परके वाटते, पहिले पंधरा दिवस बोलताना अडखळते, कडक वस्तू तितक्या जोराने चावता येत नाहीत. खालचे हाड झिजत राहते, म्हणून काही वर्षांनी तो सैल होतो आणि पुन्हा बेतून घ्यावा लागतो. धातूच्या सांगाड्याचा दात महाग पडतो, पण पातळ, मजबूत आणि तोंडाला सोसणारा असतो. लवचिक नायलॉनचाही मिळतो. त्याला तार दिसत नाही, पण तुटला तर दुरुस्ती अवघड.

एक इशारा. एकाच दाताची, आकडे नसलेली लहान पट्टी झोपेत किंवा जेवताना गिळली जाऊ शकते. साधे ॲक्रेलिक एक्स-रेमध्ये नीट दिसतही नाही. म्हणून असा दात रात्री काढून पाण्यात ठेवावा. सैल झाला की दुसऱ्या दिवशीच दाखवावा. कोरडा ठेवू नये, गरम पाण्यात टाकू नये, दोन्हींनी तो वाकतो. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवावा. टूथपेस्टने त्यावर ओरखडे पडतात.

पर्याय तिसरा: ब्रिज

ब्रिज म्हणजे पूल. दोन बाजूंचे दात हे खांब, मधला कृत्रिम दात हा पुलाचा पट्टा. बाजूचे दोन्ही दात चारही बाजूंनी घासून लहान करतात, त्यांवर कॅप बसवतात आणि त्या कॅपांना मधला दात जोडलेला असतो. एक दात बसवायला तीन दातांचे काम होते, आणि पैसेही तीन दातांचे लागतात. दर विचारताना हा एका दाताचा आहे की तिन्हींचा, हे आधी विचारा.

हा दात पक्का बसतो, काढावा लागत नाही, दोन-तीन फेऱ्यांत आणि दोन-तीन आठवड्यांत काम होते. नीट जपला तर दहा-पंधरा वर्षे टिकतो. कॅप पूर्ण धातूची, धातूवर चिनी मातीचा थर दिलेली किंवा झिर्कोनियाची असते. मागच्या दाढेला मजबुती पाहावी, समोर रंग.

त्याची किंमत मात्र बाजूचे दात मोजतात. धड दाताचे वरचे कवच एकदा घासले की परत येत नाही. घासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढे दुखते आणि रूट कॅनल करावे लागते. पुलाखाली अन्न साचून खांबालाच कीड लागली, तर सगळा पूल जातो आणि एका दाताच्या जागी तीन दातांची जागा रिकामी होते. म्हणून आमचा सल्ला असा: बाजूच्या दातांत आधीच मोठे सिमेंट भरलेले असेल किंवा त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज उत्तम. बाजूचे दात अगदी धड असतील तर दोनदा विचार करा. आणि ते हलत असतील तर ब्रिज नकोच.

समोरच्या एका दातासाठी एक सौम्य प्रकार आहे. कृत्रिम दाताला मागून पंखासारख्या पातळ पट्ट्या असतात आणि त्या शेजारच्या दातांच्या मागे चिकटवतात. दात फारसे घासावे लागत नाहीत. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो विकसित झाला म्हणून त्याला मेरिलँड ब्रिज म्हणतात. तो कधीकधी निघतो, पण पुन्हा चिकटवता येतो. तरुण मुलामुलींसाठी हा विचारण्याजोगा पर्याय आहे.

पर्याय चौथा: इम्प्लांट

इम्प्लांट म्हणजे कृत्रिम मूळ. टायटॅनियम धातूचा लहान स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. हाड त्याला चहूबाजूंनी पकडते. मग त्यावर कॅप लावतात. स्वीडनचे डॉक्टर ब्रॅनेमार्क सशांच्या हाडातील रक्तप्रवाह पाहत होते. हाडात ठेवलेले टायटॅनियमचे उपकरण काढायला गेले तर ते हाडाला घट्ट धरून बसलेले. ही १९५० च्या दशकातली गोष्ट. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. तो माणूस २००६ मध्ये वारला, तोवर चाळीस वर्षे त्याचे दात काम देत होते.

आज नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही शंभरातली नव्वदहून अधिक इम्प्लांट टिकलेली दिसतात. बाजूचे दात घासावे लागत नाहीत, हाड झिजणे थांबते, चावण्याचा जोर जवळजवळ खऱ्या दातासारखा मिळतो. सगळे दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाची खालची कवळी सारखी उचलली जात असेल, तर समोर दोनच इम्प्लांट बसवून कवळी त्यांवर अडकवता येते. त्याने खाण्यात मोठा फरक पडतो.

पण हे ऑपरेशन आहे. हाड पुरेसे हवे, नाहीतर आधी हाड भरावे लागते. खालच्या जबड्यात हाड धरायला सुमारे तीन महिने, वरच्यात चार ते सहा महिने थांबावे लागते. वाढीच्या वयात इम्प्लांट बसवत नाहीत, कारण जबडा वाढतो आणि इम्प्लांट तिथेच राहते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते निकामी होण्याचे प्रमाण जास्त आहे. आणि इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे असले, तरी त्याच्याभोवतीची हिरडी सडते, हाड जाते आणि पक्के वाटणारे इम्प्लांट हलू लागते. म्हणजे एकदा बसवले की विसरून जा, असे ते नाही.

बाजारातला तासाभराचा फिक्स दात

बाजारात, जत्रेत, रस्त्याच्या कडेला पेटी मांडून तासाभरात पक्का दात बसवून देणारे आपण पाहिले आहेत. ते करतात काय? ओले ॲक्रेलिक थेट तोंडात भरतात. ते घट्ट होताना तापते आणि हिरडी भाजते. बाजूच्या दातांना तार गुंडाळून ते सगळे एकत्र जाम करतात. दिसायला दात पक्का, पण त्याखाली ब्रश जात नाही. अन्न सडते, हिरडी सुजते, आणि दोन-तीन वर्षांत ज्यांना तार बांधली ते धड दातही हलू लागतात. एकाच्या तोंडातली अवजारे न उकळता दुसऱ्याच्या तोंडात जातात, त्यातून काविळीचा विषाणू पसरू शकतो. शंभर रुपयांत झालेले काम पुढे चार दात घेऊन जाते.

कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो. नसेल तर विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

चारही पर्याय एका नजरेत

खर्च: एका दाताचा विचार केला तर काढता-घालता येणारा साधा दात शेकड्यांत ते हजार-दोन हजारांत, ब्रिज अनेक हजारांत, इम्प्लांट दहा हजारांच्या पटीत जातो. सरकारी दंत महाविद्यालयात हे आकडे पुष्कळ खाली येतात.

फेऱ्या: काढता-घालता दात ३ ते ४. ब्रिज २ ते ३. इम्प्लांट ४ ते ६, त्याही चार-सहा महिन्यांत पसरलेल्या.

बाजूच्या दातांचे नुकसान: ब्रिजमध्ये सर्वांत जास्त, इम्प्लांटमध्ये सर्वांत कमी. काढता-घालता दात नीट बसलेला आणि स्वच्छ असेल तर थोडेच.

हाडाची झीज: फक्त इम्प्लांट थांबवते.

परत फिरता येते का: काढता-घालता दात नको वाटला तर सोडता येतो. ब्रिजसाठी घासलेला दात पुन्हा होता तसा होत नाही.

खर्च मोजताना बुडणारी रोजीही धरा. सानगडीहून नागपूरची एक फेरी म्हणजे रोजी मोडणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस आणि गाडीभाडे. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत हा दिवस फार महाग पडतो. तातडी नसेल तर माप देणे, नमुना पाहणे ही कामे हंगाम संपल्यावर ठरवून घ्या आणि डॉक्टरांना तसे सांगा. इम्प्लांटची थांबण्याची मुदत तर आपोआपच हंगामाच्या बाहेर काढता येते.

तीन उदाहरणे

समजा, सोळा वर्षांचा मुलगा, कबड्डीत समोरचा एक दात गेला, परत बसवता आला नाही. इम्प्लांट आता नाही. पक्का ब्रिज नको, कारण या वयात दाताची नस मोठी असते आणि घासताना दुखावते. त्याला काढता-घालता दात किंवा मेरिलँड ब्रिज द्यावा, आणि जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावर इम्प्लांटचा विचार करावा. तोवर त्याची शाळा-कॉलेजची वर्षे हसत जातील.

समजा, पस्तीस वर्षांच्या बाई, खालची पहिली दाढ काढली, बाजूचे दोन्ही दात धड, साखर नाही, तंबाखू नाही. पैसे जमत असतील तर इम्प्लांट सर्वांत चांगले. जमत नसतील तर कर्ज काढून इम्प्लांट किंवा धड दात घासून ब्रिज करण्यापेक्षा आधी काढता-घालता दात घ्यावा. बाजूची दाढ आधीच रूट कॅनल केलेली असेल तर मात्र ब्रिजचे पारडे जड होते.

समजा, अडुसष्ट वर्षांचे आजोबा, साखर आहे, खाली सहा दात उरले आहेत, त्यातले दोन हलतात. हलणारे दोन काढून, उरलेल्या चारांची सफाई करून, त्यांना धरणारी अर्धी कवळी. सगळेच काढून टाका असा आग्रह कोणी धरला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. खालच्या जबड्यात चार घट्ट दात असणे म्हणजे कवळीला चार खुंटे असणे.

कुठे जावे

पहिली तपासणी साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात करा. दात काढणे, सिमेंट भरणे, सफाई, आणि पुढे कुठे जायचे याची चिठ्ठी तिथून मिळवावी. दात बसवण्यासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. ते १९६८ मध्ये सुरू झाले, आणि कृत्रिम दात बसवण्याचा तिथे स्वतंत्र विभाग आहे. शिकणारे डॉक्टर अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. त्यामुळे खर्च कमी आणि वेळ जास्त लागतो. दीक्षाभूमीला आपण वर्षातून एकदा तरी जातोच, त्याच नागपुरात आपल्या दातांची ही सोय आहे, हे ध्यानात असू द्या. मात्र दसऱ्याच्या गर्दीत नव्हे, कामाच्या दिवशी सकाळी लवकर जा, आणि आधार कार्ड, रेशन कार्ड व जुने कागद सोबत ठेवा.

घरातील साठी ओलांडलेल्या, दारिद्र्यरेषेखालील माणसांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांच्यासोबत तिच्यात कृत्रिम दातांची कवळीही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साहित्य शिबिरे भरवून, तपासणी करून देतात. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात शिबिराची तारीख विचारा आणि अर्जात कवळीची मागणी स्पष्ट लिहा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

माझा हा दात वाचू शकतो का, की काढावाच लागेल? माझ्यासाठी कोणते कोणते पर्याय आहेत, आणि काहीच केले नाही तर काय होईल? सगळा मिळून खर्च किती, त्यात कॅप धरली आहे का? किती फेऱ्या? पुढे बिघडले तर दुरुस्ती कोण करणार? इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, त्याचे कार्ड मिळेल का? हे प्रश्न कागदावर लिहून न्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. रूट कॅनल आणि कॅप करून वाचलेला आपला दात कोणत्याही बसवलेल्या दातापेक्षा बरा.

शेवटी काळजी

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दातकाडी वापरायला सांगितल्याची नोंद आहे. ती न वापरण्याचे पाच तोटे तिथे सांगितले आहेत: डोळ्यांना अपाय होतो, तोंडाला दुर्गंधी येते, चव कळत नाही, अन्नावर पित्त-कफ चढतो आणि जेवण गोड लागत नाही. त्यातला तोंडाच्या वासाचा आणि चवीचा भाग कोणीही आपल्या घरात पडताळून पाहू शकतो. अडीच हजार वर्षांपूर्वी हा नियम होता, आज त्याची जागा मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेल्या पेस्टने घ्यावी. सकाळी आणि रात्री झोपण्याआधी, दोन-दोन मिनिटे. ब्रिज असेल तर त्याखालून दोरा किंवा बारीक ब्रश फिरवावा. इम्प्लांट असेल तर वर्षातून एकदा तपासणी. राखुंडी, विटेचा भुगा आणि गुडाखू यांना घरातून रजा.

वर्षावासात विहारात आपण एकत्र जमतोच. त्यातल्या एखाद्या रविवारी तालुक्याच्या दंतवैद्यांना बोलावून मुलांच्या सहाव्या वर्षीच्या दाढा आणि मोठ्यांच्या तोंडाची तपासणी ठेवता येईल. खर्च फारसा नाही, एक टेबल, उजेड आणि यादी करायला दोन तरुण पुरेत. ज्या मुलाची किडू लागलेली दाढ त्या दिवशी सापडेल, त्याला तीस वर्षांनी हा लेख वाचण्याची गरज पडणार नाही.